मॅचच्या दिवसाची अंडी

माहूज, मनामा
१२ सप्टेंबर २०२५

आदरणीय सीमाताई,
सप्रेम जय भीम. वि. वि.

त्या शनिवारी सकाळी मी एका शेगडीवर तीस अंडी उकडत ठेवली होती आणि दुसरीवर चहा. बाल्कनीत चादरी वाळत घातल्या होत्या, डाळ भिजवायची राहिली होती. आणि हे आरशासमोर उभे राहून गळ्यात हिरवा-पांढरा मफलर बसवत होते. बाहेर बेचाळीस डिग्री. मी म्हटलं, लोकरीचा मफलर घालून निघालात तर तुम्हीच उकडाल, अंडी कशाला नेता. हे हसले. मीठ-तिखटाची पुडी मागितली, पिशवी उचलली आणि साडेअकराला घराबाहेर पडले. मॅच होती संध्याकाळी पाचला. पुढच्या बुधवारी हे गेले. दोन वर्षं झाली तरी ती सकाळ माझ्या हातात जशीच्या तशी आहे.

आज आठवण निघाली ती लेकामुळे, उज्ज्वलमुळे. यांचं ते फुटबॉलवाल्यांचं मंडळ तुम्हाला माहीत आहे. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे इथले चाहते. हॉटेलच्या हॉलमध्ये जमून मोठ्या पडद्यावर मॅच बघतात. मंडळाला तीस वर्षं होतायत म्हणून हॉलच्या एका भिंतीवर जुन्या सभासदांचे फोटो लावणार आहेत. उज्ज्वलनं फॉर्म आणला. त्यात एक रकाना आहे : आयर्लंडशी किंवा ग्लासगोशी तुमचं नातं काय? आम्ही तो मोकळा सोडला. आपण पडलो नागपूरचे. तर त्यांचा नवा सेक्रेटरी, डेक्लन नावाचा, जनाबियाला राहतो, त्याचा उज्ज्वलला फोन आला. फार सभ्यपणे म्हणाला की हरिदास माणूस छान होता, पण ही भिंत वारशाची आहे, खऱ्या चाहत्यांची. रकाना भरल्याशिवाय फोटो कमिटीपुढे ठेवता येणार नाही.

ताई, यांना आपण मातीसाठी नागपूरला नेलं ते योग्यच झालं. पण सत्तावीस वर्षं आखातातल्या ज्या देशात काढली तिथे यांचं नाव आता कुठेच नाही. रेसिडेंट कार्ड रद्द झालं, गाडी उज्ज्वलच्या नावावर झाली, वर्कशॉपच्या कपाटावरची पट्टीही कोणीतरी काढली. एका भिंतीवर एक फोटो असावा, एवढंच मला हवं आहे. आणि इतकी वर्षं मी त्या मंडळींना मॅचच्या दिवशी तीस-तीस अंडी खाऊ घातली. निदान त्या अंड्यांना तरी जागायचं.

आपल्यात पाकिटावर ‘सौ.’ नसून ‘आयु.’ असतं ते एक बरं. यांच्यामागे तुम्हाला माझं नाव बदलून लिहावं लागलं नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
अंजना


इंदोरा, नागपूर
२५ सप्टेंबर २०२५

आयु. अंजना हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारच्या पूर्णिमानं पुन्हा कानाच्या मशीनचा विषय काढला होता. मशीन लावलं की मग फोनवर बोलेन, फोनवर बोलले की तू पत्र लिहिणार नाहीस, म्हणून मी बहिरीच बरी आहे.

त्या डेक्लनला माझ्याकडे पाठव. चौतीस वर्षं शाळेत मुलांचे फॉर्म भरून घेतले आहेत, कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते शिकवते त्याला. हरी लहानपणी कामठीच्या मैदानावर फाटका चेंडू घेऊन दिवसभर असायचा आणि गोल मात्र एकही व्हायचा नाही. तो त्यांचा चाहता झाला, हेच त्यांनी उपकार मानावेत.

तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. आणि अंड्यांचा विषय तिथे काढू नकोस. का ते विचारू नकोस. शोभत नाही, एवढंच समज.

माझ्याकडे दीक्षाभूमीच्या गर्दीची तयारी सुरू आहे. यंदा यवतमाळकडची अकरा माणसं उतरणार आहेत. गच्ची झाडून घेतली, मोठं पातेलं मागून आणलं. तू असतीस तर पोळ्यांची काळजी नव्हती.

उज्ज्वलला सांग, बापाचा मफलर धुताना लोकर आटते, थंड पाण्यातच धू. आठवण ठेवतेसच, ती कागदावरही ठेवत जा.

तुझी,
सीमाताई


माहूज, मनामा
१० ऑक्टोबर २०२५

आदरणीय सीमाताई,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही नको म्हटलंत आणि मी अंड्यांचा विषय काढून बसले.

गेल्या आठवड्यात उज्ज्वलबरोबर त्या हॉलमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा. साठेक माणसं हिरवे पट्टे घालून बसलेली. मला पुढची खुर्ची दिली. खेळ मला कळला नाही, पण सगळे एकदम उभे राहिले की मीही उभी राहत होते. डेक्लन चहा घेऊन आला. माणूस वाईट नाही. त्याची आजी आयर्लंडची, तो स्वतः जन्मला इंग्लंडात, शाळा दुबईत. आयर्लंडला एकदाच गेलाय, तेही आजीच्या मातीला. पण आजीचं गाव सांगताना त्याचे डोळे असे झाले की मला रागावता येईना. आपला उज्ज्वल मनामात जन्मला, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो, तरी कोणी विचारलं की मी त्याला नागपूरचाच सांगते ना? मग डेक्लनच्या आजीला मी कशी नाकारू? मात्र यांचा फोटो मी सोडणार नाही.

त्या लोकांबद्दल वाचलंही. सातवीपर्यंतच शाळा झालेली, म्हणून डिक्शनरी मांडीवर घेऊन आयर्लंडच्या इतिहासाचं पुस्तक तीन आठवडे वाचत होते. बटाट्याचं पीक सडलं, माणसं उपाशी मेली, आणि त्याच वेळी धान्य बोटींत भरून देशाबाहेर जात होतं. उरलेले ग्लासगोसारख्या गावांत कामाला गेले. तिथे त्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं. वाचताना मला नवीन काही वाटलं नाही. फक्त गावांची नावं वेगळी.

आता अंडी. मी डेक्लनला म्हटलं की यांच्यामागे मॅचच्या दिवशी तुमची खाण्याची आबाळ होत असेल. त्याला कळेना. उज्ज्वलनं इंग्रजीत सांगितलं. त्यानं जुन्या चार-पाच जणांना बोलावून विचारलं. ताई, त्या हॉलमध्ये एकानंही यांच्या हातचं एक अंडं पाहिलेलं नाही. हे यायचे ते रिकाम्या हातानं, बरोबर पाचच्या ठोक्याला.

म्हणजे साडेअकरा ते पाच हे कुठे असायचे? तेरा-चौदा वर्षं, मॅचच्या प्रत्येक दिवशी? उज्ज्वल हसून म्हणाला की पप्पांचं दुसरं घर असणार. मीही हसले. तीस अंडी खाणारी बाई असेल तर मला तिला एकदा बघायचंच आहे, असं म्हणाले. पण तेव्हापासून स्वयंपाकघरात त्या मोठ्या भांड्याकडे बघवत नाही.

तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. माहीत आहे, हे तुमच्या पत्रावरून मला दिसतंच आहे. रागावले तरी लोभ मोडत नाही.

तुमची,
अंजना


इंदोरा, नागपूर
२२ ऑक्टोबर २०२५

आयु. अंजना हिस,
अनेक आशीर्वाद.

दुसरं घर म्हणे. हरीला एक घर सांभाळताना किराणा विसरायची सवय, दुसरं कुठून सांभाळणार.

मी त्याला शब्द दिला होता म्हणून गप्प होते. पण माझ्या गप्प बसण्यानं तू आपल्या माणसाकडे वाकड्या नजरेनं बघायला लागलीस, तर तो शब्द आता काय कामाचा. त्याची सगळी पत्रं माझ्या पेटीत आहेत. त्यातलं २००९ सालचं सोबत पाठवते. मूळ पत्रच पाठवते, नक्कल नको. त्यात तो लिहितो :

“ताई, अंजनाला वाटतं की इथे आल्यावर पहिली चार वर्षं मी मजेत काढली. मी तसंच लिहायचो ना, रोज कोंबडी खातो म्हणून. खरं असं की दुसऱ्या वर्षी आमची कंपनी बंद पडली. सलमाबादच्या कॅम्पात आम्ही अठरा जण अडकलो. मेस बंद, परतीचं तिकीट नाही. शेजारच्या वर्कशॉपचा फोरमन ब्रेंडन साहेब दर शनिवारी दुपारी उकडलेली अंडी आणि खुब्ज, म्हणजे इथली रोटी, घेऊन यायचा. पाच महिने आला. मी एकदा विचारलं, साहेब तुम्ही आमचे कोण? तो म्हणाला, आज माझ्या टीमची मॅच आहे. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग त्यानं सांगितलं की त्यांचा क्लब निघाला तोच मुळी उपाशी पोरांना जेवण देण्यासाठी. आयर्लंडहून आलेल्या गरिबांची पोरं होती, चर्चच्या एका ब्रदरनं खेळाच्या तिकिटांतून त्यांच्या जेवणाची सोय केली. ब्रेंडन म्हणाला, टाळ्या कोणीही वाजवतो, जेवण आधी.

आता तो रिटायर होऊन गावी चाललाय. जाताना मफलर माझ्या गळ्यात घातला. कॅम्पात अजून माणसं अडकतात, ताई. म्हणून मॅचच्या दिवशी मी अंडी नेतो. अंजनाला वाटतं मंडळाच्या लोकांना नेतो. वाटू दे. ती कोंबडी खोटी होती हे तिला कळलं तर ती मागच्या सगळ्या पत्रांसाठी नव्यानं रडेल. तू सांगू नकोस.”

हे वाचून मलाच बोल लाव, त्याला नको. जेवण वेळेवर घे. पत्राची वाट बघणारी इथे एक आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
सीमाताई


माहूज, मनामा
७ नोव्हेंबर २०२५

आदरणीय सीमाताई,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. रडले. यांनी लिहिलं होतं तसंच, मागच्या सगळ्या पत्रांसाठी. ती कोंबडीची पत्रं मी तेव्हा मैत्रिणींना वाचून दाखवायची, ताई. आणि मनातल्या मनात थोडी चिडायचीसुद्धा, की हा माणूस तिकडे चैन करतो आणि आपण इथे वरणावर दिवस काढतो. तुम्हाला बोल लावत नाही. यांना जरा लावला, फोटोसमोर उभं राहून. मग बरं वाटलं.

काल फॉर्म भरला. आयर्लंडशी नातं काय, त्या रकान्यात मी मराठीत लिहिलं, ‘उपाशी होते. तुमच्यातल्या एकानं पाच महिने खाऊ घातलं.’ उज्ज्वलनं खाली इंग्रजीत लिहिलं. लिहिताना दोनदा थांबला, आणि मग चक्क मराठीत विचारलं, “आई, हे पप्पांनी मला का नाही सांगितलं?”

डेक्लन फॉर्म घ्यायला घरी आला होता. चहा झाला. त्यानं इंग्रजीतली ती दोन वाक्यं दोनदा वाचली. तो एक म्हणजे ब्रेंडन, हे मी सांगितलं. त्याचं नाव मंडळात सगळ्यांना माहीत आहे, पहिला फोटो त्याचाच लागणार आहे. पण तो शनिवारी दुपारी कुठे जायचा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. डेक्लन म्हणाला की कमिटीसमोर तो स्वतः बोलेल, इंशाल्ला होईल, पण शब्द देत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. खरंच ठीक वाटलं. महिन्यापूर्वी मी त्या भिंतीसाठी भांडले असते. आता फोटो लागला तर आनंद आहे. नाही लागला तर हे त्या भिंतीवर नसतील, एवढंच.

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं की मॅच बघायला परत याल का. मी सांगितलं, खेळ समजावून द्यायला कोणी शेजारी बसणार असेल तर येईन.

तुमची पेटी जपून ठेवा. माझ्याबद्दल यांनी आणखी काय काय लिहिलंय, ते आता हळूहळू एकेक पाठवा. चांगलं आधी. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अंजना

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, म्हणून आणखी दोन ओळी. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मॅच आहे की नाही ते मी पाहिलं नाही. सकाळी मोठं भांडं काढलं, तीस अंडी उकडली, मीठ-तिखटाची पुडी बांधली आणि साडेअकराला सलमाबादच्या कॅम्पात गेले.