कैद्याशी नातं

पूर्णगड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
समीक्षाचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तू कसा आहेस? कोल्हापुरात आता थंडी पडली असेल. आईने दिलेला स्वेटर अंगात घालतोस की उशाला घेतोस? इकडे बांगडा भरपूर लागतोय, त्यामुळे त्याला कोणी विचारत नाही. गंगाकाकूंनी होडीला नवीन इंजिन बसवलंय. होडी कमी चालते आणि काकू जास्त सांगतात.

मागच्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा आई पावसच्या बाजारात मासे विकायला बसली होती. आई दोन खेपा का आली नाही असं तू विचारलंस आणि मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतातच. पण गेली तीन वर्षं त्याच गुडघ्यांनी तिने महिन्यातला दुसरा आणि चौथा मंगळवार कधी चुकवला नाही, तेव्हा तुला ते पटलं नसणार. खरं काय ते सांगते. पण आधी माझी बातमी. या घरात नेहमी तुझं आधी ऐकतात, आज माझं ऐक.

मला नोकरी लागली. रत्नागिरीच्या जेलमध्ये, बायकांच्या विभागात, महिला रक्षक म्हणून. कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची, पण खाकी आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचंय. हसू नकोस. तू आत आणि मी दारावर, हे मला कळतं.

मैदानी चाचणीसाठी दोन महिने गावखडीच्या वाळूत धावले. चाचणीत तिसरी आले. त्या दिवशी चौथा मंगळवार होता, म्हणजे आई कुठे होती हे तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी पडवीतच बसले होते. तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "नितेश बारीक झालाय गो." माझा निकाल तिने दुसऱ्या दिवशी विचारला.

मग मुलाखत. टेबलामागे तिघं होते, मधे एक मॅडम. त्यांनी विचारलं, "तुम्हालाच आम्ही का घ्यावं?" या प्रश्नाचं उत्तर मी पाठ केलं होतं. शिस्त, सेवा, समाज असं बरंच होतं त्यात. म्हणायला सुरुवात केली तर मॅडम पेनाचं टोपण उघडझाक करायला लागल्या. माझ्या आधीच्या वीस जणींनी तेच म्हटलं असणार. तेव्हा मी थांबले आणि मनात होतं ते बोलले. म्हटलं, मी बाजारात वाढलेय, आरडाओरड्याला घाबरत नाही. पण आतल्या बाईला नुसतं गप्प करून भागत नाही. तिची आई भेटायला येते, पहाटेपासून प्रवास करून येते. आणलेला डबा आत घेत नाहीत. तो डबा तसाच घरी परत आणल्यावर त्या आईचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय. तिला नाही म्हणायचं असतं, पण कसं म्हणायचं ते मला येतं.

तिघांनी वर बघितलं. मॅडमनी विचारलं, "हे कुठे पाहिलंत?"

मी म्हटलं, "आमच्या शेजारी एक बाई आहे."

"आणि तुमच्या घरी कोण कोण?"

"आई आणि मी. वडील वारले."

"भाऊ, बहीण?"

"नाही. मी एकटीच."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आईची सगळी मदार तुमच्यावर." मी म्हटलं, होय मॅडम.

दादा, नोकरी जाईल या भीतीने मी तसं म्हटलं असं तुला वाटेल. तसं लिहून मोकळं होणं सोपं होतं, दोन कागद तसे लिहून फाडलेही. भीती होती, पण थोडी. मला ते म्हणायला आवडलं. आईची मदार माझ्यावर, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मिनिटभर मी आईची एकुलती एक होते, आणि तेवढ्या मिनिटात मला तुझी आठवणसुद्धा आली नाही. बाहेर आल्यावर आली आणि रागच आला, कारण पसंत पडलेलं उत्तर तुझ्याच जिवावर दिलेलं होतं. तू आत नसतास तर मला डब्याचं काय कळणार होतं?

तुला तिथे बसून आपल्या घराची कल्पना यायची नाही. तू जेटीवरच्या भांडणात गौरवला वल्ह्याने मारलंस, तो अजून डाव्या हाताने जेवतो, आणि त्याच्या आईच्या शेजारी बाजारात टोपली लावून बसते ती आपली आई. बोलणी मी खाते, पाणी मी भरते, छपराची कौलं मी बदलते. आणि कालवण झालं की सुरमईची मधली तुकडी तुझ्या नावाने वाटीखाली झाकलेली असते. रोज. सकाळी ती मांजर खातं. मला शेपटाकडची. तीन वर्षांत एकदाही आईच्या मनात आलं नाही की समोर बसलेल्या पोरीलाही मधली तुकडी आवडते. मला तुझा हेवा वाटतो, दादा. जेलमधल्या माणसाचा हेवा करणारी गावात मी एकटीच असेन.

तर मुलाखतीत काय बोलले ते मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, ती ओरडेल, मग मीही ओरडेन. ती उठून भांडी घासायला लागली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तुझा फोटो नव्हता. तांदूळ काढायला गेले तर डब्यात सापडला, फडक्यात गुंडाळलेला.

सतरा ऑक्टोबरला नोकरीसाठी घरच्या चौकशीला माणूस आला. आई पडवीत विळीवर मासे साफ करत होती. त्याने विचारलं, "मुलं किती?" आईने एकदा माझ्याकडे बघितलं. हात चालूच होते. म्हणाली, "येकच. ही." त्याने लिहून घेतलं, सरबत प्यायला आणि गेला.

त्या रात्री जेवताना वाटी झाकलेली नव्हती. मधली तुकडी आईने माझ्या ताटात वाढली. "खा गो," म्हणाली, "आता तुजीच हाय." मी खाल्ली. घास घशात अडकला असं लिहायला हवं, पण अडकला नाही. चांगली लागली. दोन-तीन दिवस चांगलीच लागत होती.

मग भाऊबीज आली. तू गेल्यापासून आई तुझा पाट मांडते आणि मी मोकळ्या पाटाला ओवाळते, दरवर्षी चरफडत. यंदा पाट मांडलाच नाही. मी निरांजन लावून बसले होते, ते विझवून ठेवलं. जेवणं झाली. आई बोलायची तेवढं बोलत होती, मीठ हवं का, दार लाव, इतकंच.

अठ्ठावीसच्या मंगळवारी ती चारला उठली, अंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली आणि पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली. पहिली एस.टी. आली, गेली. तेव्हा उठून आत आली आणि लुगडं बदलून बाजारात गेली. मी पांघरुणातून बघत होते, झोपेचं सोंग घेऊन.

परवाच्या अकरा तारखेला पुन्हा तसंच. या वेळी मी उठून बाहेर गेले. म्हटलं, "आई, जायचंय का? येऊ का स्टँडवर?"

तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. विचारलं, "कुनाकडं जाव? माजा थयं कोन हाय?"

एस.टी.चे दिवे वळणावर दिसले आणि गेले. मी तिच्या शेजारी बसले. तिने मला एकटीला निवडावं असं मला लहानपणापासून वाटत होतं. तिने निवडलं. आणि मला एकटीला निवडणारी आई अशी असते, पिशवी मांडीवर घेऊन गाडी जाऊ देणारी. मला ही नको. मला तुझ्यावर जीव टाकणारी, मला शेपटाकडची तुकडी वाढणारीच बरी.

मला मिळालेली नोकरी मी स्वतः धावून मिळवली, ती मला हवी आहे. ती हातची गेली तर मी रडेन आणि पुढची काही वर्षं तुला बोल लावेन, हे आत्ताच सांगून ठेवते. पण उद्या रत्नागिरीला जाऊन मॅडमना सांगणार आहे की मुलाखतीत मी खोटं बोलले, मला भाऊ आहे आणि तो शिक्षा भोगतोय. त्यांना मी तरीही हवी असले तर ठीक.

आणि स्टँडवर उतरल्यावर माझा धीर सुटला तर, म्हणून हा कागद आज पेटीत टाकतेय. तुझी पत्रं आधी ऑफिसात फोडून वाचतात हे मला माहीत आहे. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर वर लिहिलेलं सगळं खरं आहे. रत्नागिरीला कळवायचं असेल तर कळवा. फक्त वाचून झाल्यावर पत्र त्याला द्या.

दादा, फोटो पुन्हा भिंतीवर लावला. काचेत तांदळाचा एक दाणा अडकलाय, तो निघत नाही. पंचवीस तारखेला आई येईल. मीही येईन तिच्याबरोबर, तीन वर्षांत पहिल्यांदा. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तिला आधी बोलू देईन.

आजपासून वाटी पुन्हा झाकली आहे. पण सकाळी तुकडी मांजराला मिळणार नाही, ती मी खाणार.

पाठवणार : समीक्षा भिकाजी डोर्लेकर, मु. पो. पूर्णगड, ता. जि. रत्नागिरी
कैद्याचं नाव : नितेश भिकाजी डोर्लेकर
कैद्याशी नातं : सख्खी बहीण