दगडातली केळी

२ जानेवारी १९८७, देवपूर
संकल्प: यंदा नाव काढायचं. आमच्या कॉलेजात इतिहासाचे हेड मला अजून 'फैजपूरचे पाहुणे' म्हणतात. बघतोच.

११ जानेवारी
सापडलं! धरणगावजवळच्या खेड्यात महादेवाचं जुनं देऊळ. दाराच्या चौकटीवर दगडात कोरलेली वेल. शेकडो वर्षं झाली, पान न् पान शाबूत. हात लावला तर अंगावर काटा आला. आणि पानं चक्क केळीची! म्हणजे खानदेशात केळी यादवांपासून. सौ. म्हणाली, केळीला वेल कधीपासून यायला लागली? केळीच्या बागांतलं फैजपूरचं माहेर असून ही समज.

१८ जानेवारी
देवळात भाषण दिलं. केळीचं नाव मुद्दाम घेतलं नाही. हेडच्या कानावर गेलं तर पेपर तोच छापायचा. एवढंच म्हणालो, ही वेल म्हणजे आपल्याच शेतातलं पीक, तिला जपा. टाळ्या. सरपंच वना आबा म्हणाले, सर, बठ्ठं गाव जपी.

२५ जानेवारी
फोटो काढायला निघणार होतो. एस.टी. चुकली. पोहे गरम होते. असो. दगड कुठे पळून जातोय?

८ फेब्रुवारी
कॅमेरा मेहुण्याने लग्नाला नेलाय. पेपर मनात तयार आहे, फक्त लिहायचा बाकी. पुण्याच्या तज्ज्ञांना बोलावलं, १ मार्चला येतायत. ते डोळ्यांनीच बघणार, मग फोटो कशाला?

२२ फेब्रुवारी
वना आबांचा निरोप: शिवरात्रीसाठी देऊळ सजवतोय, वेलीचं काम खास करतोय, एकदा नजर टाका. गेलो नाही. ऊन फार. पण खेड्यात माझ्या शब्दाला केवढी किंमत! हेडने शिकावं.

१ मार्च
वेल हिरवीगार. ऑइलपेंट. दोन हात, जाड, चकचकीत. कोरीव रेषा पार बुजल्या. कळ्यांवर पांढरे गोळे. वना आबा छाती फुगवून म्हणाले, तुम्ही सांगितलं म्हणून कळलं सर, हाऊ ते आपला कापूसच शे! रंग धुळ्याहून आणलाय, जन्मात निघायचा नाही.
मला रडू येत होतं. खरंच फार सुंदर होती ती वेल.
पुण्याचे तज्ज्ञ केळीबद्दल काहीच विचारेनात. त्यांचं लक्ष चौकटीच्या खाली. तिथे पांढऱ्या ठळक अक्षरांत: 'सौजन्य: समस्त गावकरी. मार्गदर्शक: प्रा. मगन चौधरी.'
त्यांनी कॅमेरा काढला आणि तेवढ्याच ओळीचा फोटो घेतला.