रुमाल टाकलेली जागा

३ फेब्रुवारी १९५८, सोलापूर

आलो एकदाचा. कराचीत शेजारी म्हणाला होता, विमानानं हैदराबादला जा, तिथून काम उरकून आठ दिवसांत परत ये. म्हटलं, विमानातनं जळकोट दिसतं का? बोटीनं मुंबई, रेल्वेनं सोलापूर आणि उद्यापासून एसटी. वाटेत वाटेल तिथं उतरायचं, चौकशी करायची, मागनं येईल त्या गाडीत चढायचं. पासपोर्टावर मी परदेशी पाहुणा, त्यामुळं ठाण्यात हजेरी लावावी लागते. फौजदारानं विचारलं, मराठी एवढी झ्याक कुठं शिकलात? सांगितलं, जळकोटात, मास्तरांच्या छड्या खाऊन. तो हसला, मीही हसलो.

दहा वर्षांनी ही अक्षरं गिरवतोय. कराचीच्या घरात कुणाला वाचता येत न्हाईत, ते एक बरंय.

ट्रंकेत हिरव्या बांगड्या आहेत, तीन मापांच्या. जमिलासाठी, माझ्या धाकट्या बहिणीसाठी. आईबाप गेल्यावर आम्ही दोघंच होतो. सोडली तेव्हा नऊ वर्षांची होती, आता एकोणीस. हात केवढा झाला असेल कुणास ठाऊक. तिला घेऊनच परत जायचं.

४ फेब्रुवारी, नळदुर्ग

गाडी खचाखच. खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरायची रीत अजून तशीच आहे, बघून लई बरं वाटलं. निजाम गेला, राज्य बदललं, रुमाल कायम. पुढच्या बाकावर खिडकीशी तांबड्या चौकड्यांचा रुमाल होता, काहीतरी बांधलेला. माणसं दाटीनं उभी, पण त्या जागेवर कुणी बसलं न्हाय. कंडक्टर बब्रुवान म्हणाला, धरलेली जागा हाय, पुढं चढंल कुणीतरी. नळदुर्गपर्यंत कुणीच चढलं न्हाय.

जमिलाची इथं कुणाला खबर न्हाय.

६ फेब्रुवारी, उमरगा

तिकीट जळकोटचं काढलं होतं. फाटा आला आणि उतरलोच न्हाय. तसाच पुढं उमरग्याला आलो. भित्रा पहिल्यापासूनच आहे मी.

गाडी दुसरी, कंडक्टर दुसरा, रुमाल तोच. कोपरा बाभळीच्या काट्यानं फाटलेला. तो रुमाल माझा आहे. त्या दिवशी भाकरी बांधून जमिलाच्या हातात दिला होता.

लिहूनच टाकतो. अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर, सगळीकडं पोलीस ॲक्शनची धामधूम. हैदराबादची शेवटची गाडी फाट्यावर आली. मी जमिलाला म्हटलं, तू थांब, मी आत शिरून जागा धरतो, मग तुला खिडकीतनं ओढून घेतो. शिरलो. तेवढ्यात रस्त्यावर लाठ्याकाठ्या घेतलेली माणसं दिसली आणि ड्रायव्हरनं गाडी हाणली. घंटीची दोरी माझ्या डोक्यावरच होती. कराचीत सगळ्यांना सांगितलं, हात पोचला न्हाय. हात पोचत होता. मी ओढली न्हाय. शेजारची जागा हातानं धरून बसलो, थेट हैदराबादपर्यंत.

८ फेब्रुवारी, जळकोट

आज उतरलो. आमच्या शेजारच्या धुरपदाबाई भेटल्या. डोळ्यांनी अधू झाल्यात, आवाजावरनं ओळखलं. म्हणाल्या, लई उशीर केलास जैनोद्दीन.

त्यांनी जमिलाला घरी नेलं होतं, लेकीसारखं ठेवलं होतं. पण गाडीचा आवाज आला की पोरगी फाट्यावर पळायची आणि खिडकीतनं रुमाल टाकायची. गाडी सुटताना कंडक्टर तो खाली टाकायचा, ही उचलून पुन्हा उभी. विचारलं की म्हणायची, भाई कुठनं तरी चढंल, त्याला बसाय जागा नको का? बाविसाव्या दिवशी तापानं गेली. गावातल्या चार जणांनी फाट्याजवळच माती दिली. मूठ सुटेना, म्हणून रुमाल हातात तसाच राहू दिला.

बांगड्या मातीवर ठेवल्या. सगळ्यात लहान मापाच्याच लागल्या. पोटभर रडलो, पण हलकं काही वाटलं न्हाय. धुरपदाबाईंनी भाकरी वाढली, ती तशीच ठेवून उठलो.

९ फेब्रुवारी, सोलापूरच्या गाडीत

भर दुपार. गाडी रिकामी. रुमाल आहे. ओली माती लागलेला —

शेजारी बसलो. बाक उबदार.

कंडक्टरनं न विचारता तिकिटं फाडली. एक अख्खं, एक अर्धं. अर्धं कुणाचं, विचारलं. म्हणाला, पोरीचं की.

गाठ सोडली. भाकरी. अजून मऊ —

नळदुर्ग

खाली उभी आहे. तेवढीच आहे, नऊ वर्षांची. खिडकीकडं हात केलेला. कुणालाच दिसत न्हाय. गाडी सुटली —

पुढचा फाटा. तिथंही तीच. पाय अनवाणी, धुळीनं भरलेले.

दोरी ओढली. घंटी वाजत न्हाय. परत ओढली. हात पोचतोय, जमिला, हात पोचतोय —

गाडी जोरात. ती मागनं पळतेय. ओरडत न्हाय, नुसती पळतेय.

या खेपेला उतरणार. दार उघडंय. वही इथंच ठेवतो, रुमालाशेजारी. जागा धरलेली राहू दे, कुणी बसू नका, आम्ही दोघं आत्ता —