डॅशबोर्डमागचा जोड

अब्बा,

परवा तुमचं एक काम मी कापून काढलं. नायगावच्या एका जुन्या ट्रकच्या डॅशबोर्डमागं ते तीस वर्षं तसंच होतं. मला राग आला होता आणि रागात माझे हात जास्त नीट चालतात. तुमचेही चालायचे.

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा आधी इथलं सांगते. तुम्ही बघून दिलेल्या माणसाचं नांदेडात सीटकव्हरचं दुकान आहे, तुमच्या देगलूर नाक्यापासून फार लांब नाही. पुढं तो सीटकव्हर विकतो आणि मागच्या शेडमध्ये मी गाड्यांची वायरिंग करते. स्टिरिओ, कॅमेरे, सेंट्रल लॉक, जे येईल ते. मी हे शिकले तुमच्या माघारी, पुस्तकं वाचून आणि बिघडलेल्या गाड्या उघडून. सुरुवातीची काही वर्षं गिऱ्हाइकांना वाटायचं की काम नवराच करतो, आणि आम्ही तसं वाटू द्यायचो. आता पाटीवर माझं नाव आहे. तुम्ही असता तर ती पाटी उतरवायला लावली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात नायगावकडचा एक शेतकरी तो ट्रक घेऊन आला. त्याच्या वडिलांचा ट्रक, किती तरी वर्षं शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडखाली उभा होता. त्यानं हौसेनं इंजिन करून घेतलं, रंग दिला. म्हणाला, "ताई, डॅशबोर्ड जुनाच दिसला पाहिजे, पण सेट नवा पाहिजे. ब्लूटूथवाला. आमच्या बापूला भजनं ऐकायची असत्यात आन् मला फोनवर बोलायचं असतंय. फक्त पत्रा कापू नका, आधीच एकानं कापून ठेवलाय." मी विचारलं कुणी कापला. तो म्हणाला, "भूकंपाच्या टायमाला नाक्यावरच्या वायरमननं. बापू म्हणले, त्याच्याकडंच ने. नाक्यावर विचारलं तर ते वारले म्हणले, त्यांची पोरगी हेच काम करून राहिली म्हणले."

मी केबिनमध्ये चढले. डॅशबोर्डच्या मधोमध भोक होतं. वाकडंतिकडं, एका कोपऱ्यात करवतीचं पातं घसरल्याची लांब खरड. तुम्ही, ज्यांनी पत्रा कापून मागणाऱ्या ड्रायव्हरांना दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं, तुम्ही असं कापलं होतं. आणि ते कापताना मी तुमच्या शेजारी होते.

मी नऊ वर्षांची आहे. विसर्जनानंतरची ती पहाट होऊन गेली आहे, शाळेला सुट्टी दिली आहे आणि मी नेहमीसारखी दुकानात येऊन बसले आहे. हा ट्रक दारात उभा राहतो, ज्वारीची पोती, चादरी, ताडपत्र्या भरलेला. मालक खाली उतरून म्हणतो, "किल्लारीकडं निघालो. तिथं कुणी कुणाचं ऐकून घेईना म्हणत्यात. गाडीवर भोंगा बसवून द्या." तुम्ही मंडपवाल्याकडून अँप्लिफायर आणता. त्या रस्त्यांवर तो नुसता ठेवला तर पडेल, म्हणून डॅशबोर्डमध्येच बसवायचं ठरवता आणि पत्रा कापायला घेता. मग मागच्या तारा जोडायच्या असतात आणि तुमचा हात आत जात नाही. माझा जातो. तुम्ही खालून सांगताय, "लाल कू लाल. पीळ दे. और दे." मी पीळ देते, काळी टेप गुंडाळते. मालक माईकमध्ये नुसतं 'हॅलो' म्हणतो आणि सगळा नाका मान वळवून बघतो. तुम्ही माझा जोड एकदा ओढून बघता आणि तसाच ठेवता. दुकानात दुसऱ्याचा कुठलाही जोड तुम्ही पुन्हा केल्याशिवाय सोडला नव्हता. माझा सोडलात. मला त्या दिवशी जेवणही सुचलं नाही. आणि तुम्ही त्याच ट्रकमध्ये बसून निघून गेलात.

आठ दिवसांनी परत आलात. दाढी वाढलेली, बोटांना चिरा पडलेल्या. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलात. अम्मीनं चहा दिला तो तुमच्या हातात थंड झाला. मी जवळ आले तसं तुम्ही माझे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले आणि अम्मीला म्हणालात, "वहां सब डॉक्टर कू ढूंढ रहे थे. वायरमन कू कौन पूछता? ये डॉक्टर बनेगी." दुसऱ्या दिवशी मी दुकानात आले, बॅटरीच्या क्लॅम्पला हात लावला, आणि तुम्ही माझं मनगट धरून बाजूला केलं. "उसमें हाथ नक्को डाल. घर जा, पढ." बस. त्यानंतर नऊ वर्षं मला दुकानाची पायरी चढू दिली नाही. डबा घेऊन आले तर रस्त्यावरूनच घ्यायचा.

तुम्ही तिथं काय पाहिलं ते कधी सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी तुम्हाला काही करता आलं नसेल, ते मला समजतं. पण म्हणून घरी येऊन माझ्यावर काम सुरू करायचं? माझ्यात काय बिघडलं होतं?

मग लातूर. तुमच्यासाठी लातूर म्हणजे डॉक्टर तयार करायचं गाव. दर एसटीतून नांदेडची, परभणीची पोरं गाद्या आणि ट्रंका घेऊन उतरायची. ट्यूशन एरियात एका खोलीत आम्ही चौघी, कॉट बेसिसवर. पिण्याचं पाणी टँकरचं, डबा मेसचा. क्लासच्या हॉलमध्ये दोनशे पोरं, सर माईकवरून शिकवायचे, आणि मी फळ्याकडं बघायचं सोडून मागच्या डाव्या स्पीकरचा आवाज का फाटतोय याचा विचार करायची. दर सोमवारी भिंतीवर मार्कांची यादी लागायची. मी ती खालून वाचायला सुरुवात करायची, म्हणजे लवकर सुटका व्हायची. त्या खोलीत मला एकच गोष्ट जमत होती. कुणाचा पाणी तापवायचा रॉड, कुणाचा टेपरेकॉर्डर, घरमालकिणीचा मिक्सर, सगळं माझ्याकडं यायचं आणि चालू होऊन जायचं. पहिल्या सीईटीत कमी पडले. एसटीडीवरून मी तुम्हाला म्हणाले, "अब्बा, मेरेकू नहीं जमता. मला आयटीआयला जाऊ द्या, इलेक्ट्रिशियनला." तुम्ही फोन ठेवून दिलात. मला वाटलं लाईन कटली. पुन्हा लावला. तुम्ही उचलला आणि पुन्हा ठेवलात.

एक वर्ष रिपीट केलं. दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षाही कमी पडले. तुम्ही मला न्यायला लातूरला आलात. बसस्टँडच्या कँटीनमध्ये आपण समोरासमोर बसलो, मध्ये माझी ट्रंक. तुम्ही चहाचा कप संपवला, खाली ठेवला आणि शांतपणे म्हणालात, "तू किसी काम की नहीं रही." ओरडला असतात तर मी विसरले असते. मी म्हणाले, "तो दुकान पे बिठाओ मेरेकू. मेरेकू वो आता." तुम्ही हसलात. शेजारच्या टेबलावरचा माणूसही वळून बघायला लागला. "दुकान पे छोकरी बैठेगी? लोगां क्या बोलेंगे?" नांदेडपर्यंत एसटीत तुम्ही पुढच्या सीटवर बसलात आणि मी मागं. त्याच वर्षी तुम्ही दुकान बंद करून सगळी हत्यारं हिमायतनगरच्या एका माणसाला देऊन टाकलीत. त्यात मी लहानपणी इंडिकेटरच्या फुटक्या होल्डरपासून बनवलेला टेस्ट लॅम्पही होता. तो तरी ठेवायचा होता. परक्या माणसाला चालला, मला नाही.

आता परवाचं. शेतकऱ्याचे बापू, म्हणजे त्या वेळचे ट्रकमालक, काम बघायला हट्टानं आले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. शेडमध्ये स्टूल दिलं, त्यावर काठी धरून बसले. मी डॅशबोर्ड खोलला. गाडी चोवीस व्होल्टची, दोन बॅटऱ्यांची, आणि तुमचा अँप्लिफायर बाराचा, म्हणून तुम्ही एकाच बॅटरीवरून तार काढली होती. ती एक बॅटरी दर वेळी आधी मरते. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं की मी गिऱ्हाइकासमोर त्याला नावं ठेवते. अँप्लिफायर मंडपवाल्याला परत गेल्यावर बापूंनी त्याच तारांवर एक टेपरेकॉर्डर चालवला होता. आत टॉर्च मारला तर लाल तारेवर माझा जोड होता. काळी टेप वाळून कडक झालेली, पीळ तसाच घट्ट.

बापू म्हणाले, "तो भोंगा तुझ्या बापानंच चालिवला बरं का. माझा आवाज पहिल्याच दिशी बसला. लोकं चिठ्ठ्या आणून द्यायचे, आमक्या गावची आमकी कुठं हाय बघा, आन् ह्यो नावं घेत फिरायचा. एक म्हातारी नाव ऐकून ताडपत्रीखालून उठून आली, तिचा ल्योक दोन दिस तिला हुडकत होता. लई रडले दोघं. तवा तुझा बाप सगळ्यांला सांगायचा, ह्यो भोंगा माझ्या पोरीनं जोडलाय. नऊ वरसाची हाय. तुटणार न्हाई." मी टॉर्च बंद केला. ते पुढं म्हणाले, "जाताना तर रस्ताभर त्येच चाललं होतं. दुकान पोरीलाच देणार म्हणून राहिला होता. मी म्हणलं, पोरीला? तर म्हणला, तिच्यासारखा हात माझा बी न्हाई."

अब्बा, हे तुम्ही नायगावच्या माणसाला सांगितलंत. ताडपत्रीखालच्या अनोळखी लोकांना भोंग्यावरून सांगितलंत. मला काय मिळालं? हाथ नक्को डाल. तुम्हाला माझा हात दिसला नव्हता, असं समजून मी इतकी वर्षं काढली. बापाला कळलंच नाही, एवढं म्हणून माणूस गप्प बसू शकतो. पण तुम्हाला कळलं होतं. तुम्ही बघितलं होतं, तोंडानं बोलला होतात, आणि परत आल्यावर ठरवून गिळून टाकलंत. कँटीनमध्ये मी 'मेरेकू वो आता' म्हणाले तेव्हा मला ते येतं हे त्या जागी एकाच माणसाला माहीत होतं, आणि तोच हसला. वायरमनला कोण विचारतं म्हणालात. तुमच्या भोंग्यामुळं ती म्हातारी तिच्या पोराला सापडली, आणि तुम्ही घरी येऊन म्हणता कोण विचारतं. डॉक्टर लोकांसमोर तुम्हाला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज तुम्ही माझ्या हातांना लावलीत.

मी कटर घेतला आणि तुमच्या तारा बॅटरीपर्यंत सगळ्या काढल्या. माझा जोडही कापला. चांगला होता, पण तार आतून हिरवी पडली होती, नव्या सेटला चालली नसती. दोन्ही बॅटऱ्यांवरून नवीन तार ओढली, चोवीसचं बारा करणारा कन्व्हर्टर सीटखाली बसवला, फ्यूज टाकला. भोकाच्या कडा कानशीनं घासल्या, तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची चौकट करून बसवली आणि तिला डॅशबोर्डचाच रंग दिला. मोठ्या स्क्रीनचा सेट बसला असता, पण तो त्या गाडीवर उपरा दिसला असता, म्हणून अरुंद तोंडाचा साधा सेट घेतला. स्पीकर काचेच्या वरच्या लाकडी फळीत घातले. इंजिन चालू केलं तर आवाजात बारीक कुईं येत होती. अर्थची तार चेसीवर दुसरीकडं नेऊन, रंग खरवडून लावली, तेव्हा ती गेली. या सगळ्याला दोन दिवस लागले. तुम्ही एका तासात केलं होतं, हे मी विसरत नाही. पण माझं काम तुमच्यापेक्षा चांगलं झालं आहे, आणि हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुम्हाला उर्दू वाचता यायची, मराठी नाही. मला उर्दूत एवढं रागावता येत नाही.

गाडी न्यायला बापू पुन्हा आले. भजन लागलं तसे डोळे मिटून थोडा वेळ बसले. मग खाली उतरताना माझा हात धरून म्हणाले, "म्या तुला सांगितलं त्यात काय नवल न्हाई म्हणा. तुझ्या बापानं तुला सांगितलंच आसंल की."

मी म्हणाले, "हाव, नेहमी सांगायचे. तुझ्यासारखा हात माझाही नाही म्हणायचे."

ते गेल्यावर नवऱ्यानं विचारलं की असं खोटं का बोललीस. मी म्हणाले, म्हाताऱ्याला वाईट वाटलं असतं म्हणून. तेही खोटं होतं. मला ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हटलेलं ऐकायचं होतं, आणि म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.