काठोकाठ पेला आणि गणिताचा पेपर

रविवार, २७ एप्रिल
दुरुस्ती. काल लिहिलं की त्रिकोणमिती संपली. ते खरं नाही. त्या धड्यात खुणेच्या रंगीत पट्ट्या लावून संपल्या. धडा वाचायचाय. पट्ट्या मात्र नीट बसल्यात.
पेपर १८ मेला. गणितात मार्क पडले तर राजधानीत, बिश्केकला, फार्मसी शिकायला. नाहीतर इथेच, नारीनच्या बाजारात, बुरुलाय आत्याचं लोकरी गालिच्यांचं दुकान. जन्मभर.

मंगळवार, २९ एप्रिल
शाळेत सराव परीक्षा. माझी पद्धत: सोपी गणितं आधी, अवघडांवर खूण करून पुढे. सगळ्यांवरच खूण झाली. पद्धत बरोबर आहे. पेपर लहान होता.

शनिवार, ३ मे
पाहुणे. घरात मुलगी मी एकटी, म्हणजे चहा ओतायचा मीच. पेल्यात थोडासाच ओतायचा, परत आला की पुन्हा थोडासा. समीकरणाची एक ओळ वाचेपर्यंत सगळे पेले परत. आई म्हणाली, चहा ओततानाच तुला मी पाढे शिकवले होते, तेव्हा बरं जमायचं! तेव्हा फक्त पाढेच होते.

शनिवार, १० मे
आज डोकं चालवलं. पेला भरून दिला की फेऱ्या कमी. आत्याला काठोकाठ दिला. काठोकाठ म्हणजे प्या आणि उठा, हे मला माहीत होतं. पण आत्या घरचीच, तिला कसला नियम, असं वाटलं.
आत्या पेल्याकडे बघत राहिली. मग न पिताच उठली. म्हणाली, चला, भाचीनं निरोप दिला. आई कडाडली, त्यापेक्षा हाताला धरून दाराबाहेर काढायचंस, चहा तरी वाचला असता!
त्यानंतर घरात शांतता होती, अभ्यासाला उत्तम. ती रडण्यात गेली.

शनिवार, १७ मे
आत्याच्या घरी माफी मागायला. दिवसभर मीच चहा ओतला, घोटघोट. आत्या विरघळली. म्हणाली, परीक्षेचं एवढं मनाला लावून घेऊ नको गं, दुकान आहेच की.
पुस्तक नेलं होतं. पिशवीतून काढलं असतं तर पुन्हा अपमान झाला असता.

रविवार, १८ मे
पेपर झाला. या वेळी सगळ्यांवर खूण केली नाही. शेवटच्या पानापर्यंत पोचलेच नाही.

शनिवार, ३१ मे
निकाल. फार्मसी नाही. बाबांनी आत्याला फोन केला. ती म्हणाली, रडू नको म्हणावं, सोमवारी सकाळी पाठवून दे.
मी दुकानात बसणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार. हे आत्याला सांगायला हवं. फोनवर बरं दिसत नाही. उद्या बाजाराची गर्दी. परवा दुकानात जायचंच आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा, गालिचे झटकून झाले की, स्पष्ट सांगेन.
तारीखही ठरली: सोमवार, २ जून.