ओट्यांकडे बघत हिंडण्याबद्दल खुलासा

जळगाव, ता. ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप जीवरामदाजी यांच्या सेवेशी, आपला धाकटा आणि आपल्या मते हल्ली हातचा गेलेला मेव्हणा शालिग्राम याचे दंडवत. इकडे सगळे ठीक. थंडी ओसरली, केळीला भाव बरा आहे (आपलं केळीचं एक झाडही नाही, तरी बातमी म्हणून कळवतो). जिनिंग फॅक्टरीतल्या कापसाने आपला खोकला पुन्हा उठवला नसेल अशी आशा करतो. आमच्या अक्कालाही नमस्कार सांगावा.

गेल्या आठवड्यात कपाशीच्या लिलावाला आपण इथे आला होता, तेव्हा स्टेशनसमोरच्या हॉटेलात चार व्यापाऱ्यांदेखत मला विचारलंत, की तू म्हणे मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईबरोबर जीपमधून हिंडतोस आणि गावोगाव बायांच्या ओट्यांकडे टक लावून बघतोस, हे खरं का? मी तेव्हा बोललो नाही. (तोंडात भजं होतं, आणि वडीलधाऱ्यांना उलट बोलायची आमच्याकडे रीत नाही.) आपल्या दोंडाईच्यापर्यंत माझी कीर्ती कोणी पोचवली ते मी विचारत नाही. आता सावकाश खुलासा करतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मी लोकल बोर्डाचा देवी काढणारा, हे आपण जाणताच. माझ्या लग्नाच्या बैठकीतही त्यावरून आपल्याकडच्यांनी नाक मुरडलं होतं. तर दसऱ्यानंतर या नाडकर्णीबाई मुंबईहून आल्या. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो, त्याची मोजदाद करायला. (हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून दाराला कडी लावली.) देशात हा रोग वाढतोय की घटतोय हे वरच्यांना जाणून घ्यायचं आहे. त्यासाठी पूर्वी तो किती होता हे कळायला हवं, म्हणून आम्ही गावोगावच्या मरणांच्या नोंदी बघितल्या. त्यावरून असं दिसलं की खानदेशात माणूस पटकीने मरतो, देवीने मरतो, साप चावून मरतो आणि एरवी तापाने मरतो. बायका तर झाडून साऱ्या तापानेच. बाई म्हणाल्या, म्हणजे कागदावर हा रोग इथे शून्य आहे. मी म्हटलं, मग उत्तमच झालं, आजच्या मेलने परत जाता येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीपचं चाक तपासायला खाली उतरलो. पुढे त्यांनी समजावून सांगितलं, की हा रोग सुरुवातीला सापडला तर बहुधा बरा होतो आणि उशीर झाला तर हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही. आणि मुंबईच्या इस्पितळात आपल्याकडच्या बाया पोचतात त्या उशीर झाल्यावरच.

मला त्यांच्याबरोबर दिलं, कारण आसपासच्या तालुक्यांतली सगळी घरं मला ठाऊक आहेत. यातली गफलत कुणाच्या ध्यानात आली नाही, ती अशी की सगळ्या घरांनाही मी ठाऊक आहे. नशिराबादला जीप थांबते न थांबते तोच आरोळी उठली, "पोरं लपवा वं माय, देवीवाला आला!" अर्ध्या आळीने पोरं कणगीमागे दडवली, उरलेल्या अर्धीने दंड उघडे करून रांगेत आणली. बाईंनी शाळेच्या खोलीत पडदा लावून मोठ्या आशेने टेबल मांडलं होतं. दिवसभरात त्यांना पोरांचा खोकला, सासऱ्याचे गुडघे आणि एक आटलेली म्हैस एवढं सापडलं. तुमचं स्वतःचं काही दुखणं आहे का, अंगावर जातं का, असं विचारलं की प्रत्येकीचं उत्तर ठरलेलं, "मले काय धाड भरली!" (मी पडद्याबाहेर पाठमोरा बसलो होतो. हे आपण त्या चार व्यापाऱ्यांनाही सांगावं.)

आता ओट्यांचं. नशिराबादला गेलो की उखर्डू पाटलांच्या घरी चहा घ्यायचा हा माझा नेम. पाटलीणबाई बेबाबाई यांचा चहा असा की त्यात चमचा उभा राहावा. त्या दिवशी गेलो तर नातवंडं असलेली ही बाई ओट्यावर गोणपाटावर बसलेली, लोटा वेगळा ठेवलेला, सून माहेरी, पाटील शेतात. म्हणाल्या, चहा नाही भाऊ, कावळा शिवला. आणि पदर तोंडाला लावून हसल्या. ते सगळं बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती म्हणे, आता पुन्हा सुरू झालं. शेजारणी थट्टा करत होत्या की पाटलीणबाईला पाळणा टांगावा लागणार. मी परतीच्या वाटेवर जीपमध्ये चहाविना कशी डोकेदुखी लागली याचं गाऱ्हाणं सांगत होतो, त्यात हे कारण बोलून गेलो. बाईंनी जीप तिथल्या तिथे फिरवायला लावली. मला वाटलं, माझ्या चहासाठी!

त्या थेट जाऊन बेबाबाईंच्या शेजारी, त्याच गोणपाटावर, मांडीला मांडी लावून बसल्या. सगळी आळी उंबऱ्यात आली. बाहेर बसलेल्या बाईला कुणी शिवतं का? (आमचा ड्रायव्हर हिलाल याने मला हळूच विचारलं की जीप धुवावी लागेल का. मी म्हटलं, बाईंनाच विचार.) दोघी काय बोलल्या ते ठाऊक नाही, कारण मी पाठमोरा होतो. पण दुसऱ्या दिवशी बेबाबाई पडद्याआड गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग, काय चाललंय ते बघायला म्हणून आणखी बाया गेल्या. बेबाबाईंना तोच रोग निघाला, पण कोवळा होता. मुंबईला नेलं, रेडियम लावलं, संक्रांतीला त्या परत आल्या आणि पहिल्याच दिवशी सुनेने चहा पातळ केला म्हणून भांडल्या. बंद झालेलं पुन्हा सुरू होणं ही या रोगाची खूण असू शकते, म्हणून तेव्हापासून बाईंचा मला हुकूम आहे, की गावात शिरलं की ओटे बघत चला, आणि गोणपाटावर पिकल्या केसांची बाई दिसली की मला सांगा. काळ्या केसांच्या बायांकडे मी मान वळवूनही बघत नाही. आपल्याला बातमी देणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट गाळली.

याच सुमारास आमच्या बोर्डाचे एक मेंबर रिखबचंद शेठ तापले. त्यांचं म्हणणं सरळ आहे. बाई येण्यापूर्वी तालुक्यात हा रोग शून्य, बाई आल्यावर गावोगाव निघू लागला, तेव्हा हा रोग बाईंनीच आणला हे शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी वर अर्ज केला की बाईंना धुळ्याकडे पाठवावं, म्हणजे इकडचा आकडा खाली येईल आणि तिकडचा चढेल. (आपण तिकडचेच, म्हणून आगाऊ सूचना.) बाईंनी त्यांना शांतपणे समजावलं, शेठजी, कोठारात कंदील नेल्यावर उंदीर दिसले तर ते कंदिलाने आणले असं म्हणायचं का? शेठजींचा धान्याचा व्यापार. त्यांनी त्याच दिवशी दुसरा अर्ज केला, की बाई आमच्या कोठाराची बदनामी करतात.

हसण्यासारखंच सगळं आहे असं मात्र नाही. जामनेरला भिकुबाई म्हणून एकीला सुनेने बैलगाडीत घालून आणलं. पाऊण वर्ष अंगावर जात होतं, ते तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. बाहेर बसलं तर घरात स्वयंपाक कोण करणार, म्हणून चुलीपाशी तशीच वावरत राहिली. बाईंनी तपासलं आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. तिच्या दोन्ही लेकरांना देवी मीच काढल्या होत्या.

तर दाजी, मी ओटे का बघतो याचा हा खुलासा. तो पटला तर व्यापाऱ्यांना सांगावा, न पटला तर आपल्यापाशीच ठेवावा. थोरांनी रागवावं आणि धाकट्यांनी लोभ मागत राहावा, तसा मी मागतो.

आपला,
शालिग्राम

ता. क. आपली तपकिरीची डबी हॉटेलात राहिली होती. ती माझ्याकडे सुखरूप आहे. आतली तपकीर तेवढी नाही.

ता. क. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा फोडलं. हॉटेलात माझी चंपी झाल्यावर आपण सगळ्यांना एक गंमत सांगितलीत. "तुनी बहीण म्हातारपनमा तरनी व्हयनी शे!" म्हणालात, दिवाळीपासून अक्का पुन्हा ओट्यावर बसू लागली आणि आपल्यावर खिचडी करपवायची पाळी आली. सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही, आणि तिथे बोलायची मला छाती झाली नाही. वरची सगळी पानं मी या चार ओळींशी यायला घाबरत होतो म्हणून लिहिली. बाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तोच रोग असेल असं नाही, पण एक आठवडाही थांबू नका. महिनाअखेरपर्यंत त्या इथेच आहेत. दाजी, मी आपल्या पाया पडतो, तिला घेऊन या.

ता. क. हे पत्र अक्काला दाखवू नका. स्वतःच्या दुखण्यासाठी चल म्हणालात तर ती म्हणेल पापड व्हायचे आहेत, मग लग्नसराई येईल, मग पेरण्या. त्यापेक्षा सांगा की शालिग्राम जीपमधून पडला आणि पाय मोडून घेतला. मग ती ओल्या लुगड्यानिशी स्टेशन गाठेल. आल्यावर पाय चाचपून बघितल्याशिवाय ती राहायची नाही, म्हणून आज सकाळीच कंपाउंडरकडून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घेतलं आहे. (घरात कुणाला खरं सांगितलेलं नाही. बायकोने सकाळपासून दोन वेळा शिरा केला.) बुधवारची ताप्ती लाईनची गाडी चुकवू नका. आत फार खाज सुटली आहे.