पिवळ्या खुणेच्या पलीकडे

दि. ४ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी माझ्याशी बोलत नाहीत, हे तुला कळलं असेलच. कारण एक पाइप. आमच्या कारखान्यात त्यांच्या युनिटमध्ये गॅसमधले आम्लवायू धुऊन काढतात. ओलावा मिळाला की ते पोलाद आतून खातात; बाहेरून रंग कसा झकपक. म्हणून आम्ही तपासणीवाले पाइपची जाडी मोजतो, पण नेहमी त्याच पिवळ्या खुणांवर, कारण शिडी तिथेच नीट टेकते. आकडे दरवर्षी उत्तम. भावोजींना त्यांचा भारी अभिमान.

या खेपेला शिडी मोडली होती. परांचीवर चढून पाइपच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला मोजलं, तर जाडी निम्मीही नाही. भावोजी म्हणाले, वार्षिक दुरुस्ती महिन्यावर आलीय, तोवर चालू दे. मेहुणा आहेस की वैरी? तो वायू सुटला तर माणसाला पळायलाही सवड देत नाही, आणि त्या वळणाखाली रोज फेरीला तेच उभे असतात. मी थेट मोठ्या साहेबांकडे गेलो. काल युनिट बंद झालं. पाइप कापला की कळेल. तोवर सांभाळून घे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे अडकित्त्यातली सुपारी मी. हे तुला घरभेदी म्हणतात. युनिट तुम्ही चालवता की तुमचा मेहुणा, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं म्हणे. पाइप धडधाकट निघाला, तर तुला या घराचा उंबरा बंद, असं मला बजावलंय.

नवऱ्याचा पाइप सडका निघू दे म्हणणारी बायको मीच असेन. पण माहेर म्हणून मला तू एकटाच उरलायस. मला फार भीती वाटते.

जिवाला जप.
तुझी अक्का

दि. १३ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाइप कापला. खुणांपाशी पोलाद जाडजूड, वीतभर पलीकडे नुसता पापुद्रा. भावोजींनी स्वतः हातोडी मारली, ती आरपार गेली. हातोडी तिथेच टाकून ते निघून गेले. घरी काय म्हणाले, ते कळव.

तुझा धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आभार ते जन्मात मानायचे नाहीत. पडलो तरी नाक वर. आपण रोज कुठे उभे असतो, एवढंच मला सांगितलं आणि हात धुवायला गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आता भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर चाललीय. करू देत. कुरकुर करायला माणूस समोर बसलाय.

रविवारी ये. दार मी उघडीन.
तुझी अक्का